मास्तरचा ब्रेक

गाडी रंगवून घरी आली आणि आमच्या घरात माणसांना बसायला जागा उरली नाही. अंगणातल्या पत्र्याखाली उभा होता तो नुसता सांगाडा, चार चाकांवर ढकलत आणलेला. बाकी सगळी गाडी घरात होती. चारही दारं बैठकीच्या भिंतीला ओळीनं टेकवलेली, पुढचे दिवे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बंपर पलंगाखाली आणि डॅशबोर्ड ज्वारीच्या कोठीवर. मागचं लांब सीट आईनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ओढून घेतलं होतं. त्यावर मांडी घालून ती मेथी निवडायची आणि शेजारच्या काकू आल्या की सरकून म्हणायची, "या, गाडीत बसा." स्क्रू, क्लिपा, वायसर, नट-बोल्ट हे सगळं मात्र एकाच खताच्या पोत्यात होतं. ज्या फिटरनं गाडी खोलली होती त्यानं कुठला स्क्रू कुठला हे डोक्यात ठेवलं होतं, आणि रंग वाळायच्या आत तो त्या डोक्यासकट पुण्याला नोकरीला निघून गेला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. परभणीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण ते शाळेवरचे मास्तर नव्हते. ते गाडी चालवायला शिकवत. बँकेतले साहेब, झेडपीच्या शिक्षिका, कृषी विद्यापीठातले प्राध्यापक, ट्रॅक्टरवरून थेट कारवर आलेले शेतकरी, सगळ्यांनी अण्णांचा ओरडा खाल्लेला. इतर ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांकडे गरीब स्वभावाच्या गाड्या होत्या. अण्णांकडे होती ती विद्यापीठातल्या एका हौशी साहेबांची. बदली झाल्यावर ते ती इथंच देऊन गेले होते. दिसायला लहान, मागं डिकीऐवजी वर उघडणारं दार, पण पोटात इंजिन थोरल्या गाडीचं. कंपनीनं तसल्या मोजक्याच काढल्या आणि मग बंद केल्या. पुढं त्या गाड्यांचे शौकीन निघाले, त्यांच्या किमती वाढल्या, पण तेव्हा आमच्या गल्लीला एवढंच ठाऊक होतं की मास्तरांची घोडी बिथरते. नवा माणूस ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा आणि गाडी रेल्वे फाटकापर्यंत जाऊन मगच त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची. अण्णा म्हणायचे, "हिच्यावर जो शिकला तो कुठलीबी गाडी चालवंल." ते खरंच होतं. जे शिकले नाहीत ते आयुष्यभर एसटीनं फिरले, हेही खरंच होतं.

या सगळ्यांना जिवंत ठेवत होता तो मास्तरचा ब्रेक. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढंही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा उजवीकडं घाम गाळत बसतो, शिकवणारा डावीकडं पाय तयार ठेवून बसतो. अण्णांचा तो डावीकडचा पाय परभणीत प्रसिद्ध होता.

गाडीचा मूळचा लाल रंग उन्हानं उडत उडत गुलाबी झाला होता. गुलाबी गाडीतून शिकवणं अण्णांना पटेना. ते एकटेच रंगारी गफारभाईंच्या शेडमध्ये गेले. तिथल्या अंधाऱ्या कोपऱ्यात रंगांचा तक्ता धरून त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. गफारभाईंनी म्हणे दोनदा विचारलं, "पक्का ना मास्तर? बाद में बोलना नै." अण्णांनी पक्का सांगितलं. आणि गाडी आली ती भरताच्या वांग्याच्या रंगाची. नुसता वांगी नाही, तेल लावून भाजायला घेतलेल्या वांग्याची चकाकी असलेला वांगी. गल्लीतली पोरं शाळेत जायची थांबली. पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद करून येऊन पाहिलं. अण्णा सांगाड्यावरून हात फिरवत म्हणाले, "कसा गंभीर रंग हाय. काळ्यातच जरा राखाडी. शिकवायच्या गाडीला असंच पायजे." अण्णा चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते, त्यामुळं ही चेष्टा आहे की काय असं विचारायची कुणाची टाप नव्हती. गिरणीवाला म्हणाला, "लय गंभीर." मीही हो म्हटलं. आईनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा अण्णांकडं, आणि आत निघून गेली. मग बराच वेळ उखळात शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा आवाज येत राहिला. इतकी चटणी आम्हाला महिनाभर लागली नसती.

फिटर नाही, तर दुसरा बघू, असं कुणीही म्हटलं असतं. अण्णा म्हणाले, "मीच बसवतो. गाडी माझी हाय, तिला मी वळखतो." कॉलेजला सुट्ट्या होत्या म्हणून मदतीला मी. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला गाडी येत नव्हती. सगळ्या गावच्या सुना-लेकींना शिकवणाऱ्या अण्णांनी घरातल्या दोघींना कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. मी मागं लागले की म्हणायचे, "आधी शिकून घे." शिकायचंच तर म्हणतेय, असं उत्तर माझ्या तोंडाशी यायचं, पण तोंडातच राहायचं. मला वाटलं, हाताखाली राबले तर खूश होऊन शिकवतील.

ते दिवस आठवले की मला आधी आवाज आठवतात. सकाळी स्टेशनवरची घोषणा वाऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी यायची, नांदेडकडं जाणारी गाडी किती उशिरा आहे ते सगळ्या गल्लीला कळायचं. मग गिरणी सुरू व्हायची. मग अण्णांचा पाना सिमेंटवर पडल्याचा खणखणाट आणि त्यांचं पुटपुटणं. थंडीचे दिवस होते, लोखंड हाताला झोंबायचं. आई सुशीला करून बाहेरच आणून द्यायची. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना हळद, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडं सुशीला म्हटलं की बाहेरगावचे लोक कुठली बाई असं विचारतात, पण तो आमच्या भागाचा नाश्ता आहे. दुपारी धपाटे आणि दही. ग्रीसचे हात धुतले तरी धपाट्याला वास लागायचाच. आता माझ्या घरी धपाटे होतात, चांगले होतात, पण त्यांना नुसता धपाट्यांचाच वास येतो.

मी फोनवर व्हिडिओ शोधून काढला. कुणी परदेशी माणूस हीच गाडी मोठ्या प्रेमानं उघडून पुन्हा जोडत होता. फक्त त्याचं स्टिअरिंग डावीकडं होतं, त्यामुळं आतली निम्मी गाडी उलटी. मी फोन आरशासमोर धरून बघायला लागले तेव्हा अण्णा म्हणाले, "त्यो साहेब उलटा बसलाय. त्याचं ऐकून आपुनबी उलटं बसायचं का?" मग आम्ही आमच्या पद्धतीनं गेलो. पोतं अंगणात ओतलं, सारखे दिसणारे स्क्रू एकत्र केले आणि ज्या भोकात जो बसेल तो त्याचा, असं ठरवलं. दारात काच वर-खाली करायचं यंत्र बसवताना काच दोनदा आत पडली. दाराच्या कडेचं रबर एका टोकाला पुरेना आणि दुसऱ्या टोकाला उरलं. पुढचे दिवे जोडल्यावर डावीकडचा इंडिकेटर लावला की वायपर फिरायचा. अण्णा म्हणाले, "पावसात वळायलोय असं समजायचं," आणि मग तीही वायर बदलली.

दारं बसवणं मात्र खरं नाजूक काम. दाराची आणि बॉडीची फट चारही बाजूंनी सारखी यावी लागते. मी दार उचलून धरायचे, अण्णा बिजागरीचे बोल्ट आवळायचे आणि मग डोळे मिटून फटीवरून बोट फिरवायचे. "बरोबर." मला दार बोटभर खाली दिसत होतं. तसं म्हटलं तर म्हणाले, "फट बोटानं बघायची असती. डोळे फसवतेत." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फोन करून मैत्रिणींना ऐकवलं. आमचे अण्णा कसे कामातून शहाणे झालेत, वगैरे. स्क्रू हातातून निसटला की ते जमीन चापपून शोधायचे आणि पत्र्याखाली उजेड नाही म्हणून पत्र्याला शिव्या घालायचे. आई स्वयंपाक सोडून दर थोड्या वेळानं बाहेर यायची. काहीही हातात देताना नाव घेऊन द्यायची. "हा घ्या बाराचा पाना." "हा पेचकस." "ह्यो चहा, उजव्या हाताला ठेवलाय." मला वाटायचं, वयानं आईला बडबड सुटलीय.

खरं तर तिचं एक जुनं वेड आम्हाला माहीत होतं. गेलं वर्षभर अण्णा कुणाला शिकवायला निघाले की आई पिशवी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसायची. कधी भाजी आणायचीय, कधी दळण बघायचंय, कधी नुसतंच डोकं दुखतंय, वारा लागंल. मागं बसून ती बोलत राहायची. "आवो, समोर म्हैस आली बघा." "आवो, ह्यो रिक्षावाला मधीच थांबायलाय." शिकायला येणाऱ्यांत बायका पुष्कळ, त्यामुळं गावानं आपला अर्थ लावला होता. मास्तरीणबाई मास्तरांवर पहारा ठेवतात. बाजारात कुणी तिला तोंडावर विचारलं तर ती म्हणायची, "ठेवावाच लागतोय," आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागायची. मला तिची लाज वाटायची.

शेवटचं मोठं काम मास्तरच्या ब्रेकचं होतं. डावीकडच्या पेडलापासून एक दांडा आडवा जाऊन उजवीकडच्या ब्रेकला मिळतो, आणि तिथं एक खिळीसारखी पिन घालून तिची टोकं वाकवायची असतात. अण्णा सीटच्या जागी उताणे झोपून डॅशबोर्डखाली बराच वेळ झटले. पिन भोकात जाईना. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "तुझा हात बारीक हाय. तू घाल." मी आत शिरले. मला तर भोक समोरच दिसत होतं. पिन घातली, पक्कडीनं वाकवली. अण्णांनी पेडल हातानं दाबून बघितलं, पिनेवरून बोट फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत. हे त्यांचं शाबास म्हणणं.

गाडी जोडून झाली तेव्हा पोत्यात मूठभर स्क्रू उरले. आम्ही दोघांनी त्यांच्याकडं थोडा वेळ बघितलं. अण्णा म्हणाले, "कंपनीनं जास्तच दिले व्हते." पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. बरेच दिवस गप्प असल्यामुळं की काय, ते असं गुरगुरलं की गिरणीवाल्यानं पुन्हा गिरणी बंद केली. आई तेव्हा गल्लीत एका बारशाला गेली होती. ती यायची वाट बघू, असं मी म्हटलं. अण्णांना धीर नव्हता. "चल सुमे, एक चक्कर मारून येऊ." मी आनंदानं डावीकडं, मास्तरच्या सीटवर बसले. तिथं बसायची माझी ती पहिलीच वेळ.

संध्याकाळ व्हायला आली होती. आम्ही पाथरी रोडला लागलो. दोन्ही बाजूंना कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, मधूनच हरभऱ्याची हिरवी पट्टी. गाव मागं पडल्यावर अण्णांनी गाडी मोकळी सोडली. मी त्यांना शिकवताना पुष्कळदा बघितलं होतं, पण स्वतःच्या हौसेनं चालवताना क्वचितच. त्यांचा चेहरा वेगळाच दिसायला लागला, ओरडायला कुणी नसल्यासारखा. इंजिनाचा आवाज चढत गेला. सूर्य अगदी समोर, रस्त्याच्या टोकाशी टेकलेला. आणि त्या टोकाच्या अलीकडं, रस्त्यावर मेंढरं होती. डावीकडच्या शेतातून उजवीकडच्या शेतात चाललेला अख्खा कळप, धुळीच्याच रंगाचा, रस्ता भरून. पुढं काठी आडवी धरलेला माणूस. मला वाटलं, आता अण्णा वेग कमी करतील. मग वाटलं, आता करतील. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते समोर बघत होते, निवांत. तोंडात काहीतरी गुणगुणत होते. तेव्हा मला कळलं, आणि ते कळायच्या आधीच माझा पाय खाली गेला होता.

गाडी किंचाळत आडवीतिडवी होऊन थांबली. इंजिन बंद पडलं. मग नुसता मेंढरांचा आवाज. ती आमच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहावं तशी वाहत होती, नव्या रंगाला अंग घाशीत. एका एडक्याला चकचकीत दारात दुसरा एडका दिसला. तो दोन पावलं मागं सरला, पण तेवढ्यात त्या माणसानं त्याचं शिंग धरलं. मग तो माणूस अण्णांच्या खिडकीशी आला. डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, भांडायची पूर्ण तयारी.

"काय ओ, रस्ता भरून जितराब चाललंय ते दिसंना व्हय तुमाला?"

अण्णा म्हणाले, "न्हाई दिसलं."

त्या माणसाला पुढं पुष्कळ बोलायचं होतं. पण हे उत्तर त्यानं गृहीत धरलं नव्हतं. त्यानं अण्णांकडं नीट बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "मग पोरीला दाखवायला सांगा की." आणि कळपामागं निघून गेला.

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. "एखादं लागलं का गं?"

"न्हाई."

"लय व्हती का?"

"रस्ता भरून."

ते उतरले. बॉनेटवर हात ठेवून, गाडीच्या कडेकडेनं चालत डावीकडं आले आणि दार उघडून म्हणाले, "सरक तिकडं."

"मला कुठं येती, अण्णा?"

"मी हाय की."

असा माझा गाडीचा पहिला धडा झाला. क्लच सोडताना गाडी चार वेळा मेली आणि पाचव्यांदा अशी उडाली की अण्णांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ते माझ्यावर ओरडले, अगदी बँकेतल्या साहेबांवर ओरडावं तसं. मला त्या ओरडण्यानं बरं वाटलं. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, एका बैलगाडीच्या मागं मागं, आम्ही परभणीकडं यायला लागलो. सूर्य आता पाठीमागं होता. बरंच अंतर गेल्यावर अण्णा म्हणाले, "ऊन समोर आलं की सगळं पांढरं हुतंय. दूध सांडल्यावानी. बाकी वेळेला चालतंय."

"आईला माहीत हाय?"

"तिच्याच नजरेवर चालवायलोय की वर्षभर."

माझ्या हातातलं स्टिअरिंग जरा हललं. मागच्या सीटवरची पिशवी घेतलेली आई, आवो समोर म्हैस, गावाचं हसणं, आणि मी तिच्यापासून चार पावलं लांब चालायचे ते, सगळं एकदम समोर आलं. "रस्त्याकडं बघ," अण्णा ओरडले.

आई दारात उभी होती. हातात बारशाच्या घुगऱ्या, फडक्यात बांधलेल्या. गाडी गल्लीत शिरली तेव्हा तिनं आधी गाडी नाही बघितली, उजवीकडच्या खिडकीत कोण आहे ते बघितलं. आम्ही उतरलो. तिनं विचारलं, "कळलं हिला?" अण्णा म्हणाले, "कळलं." मग तिनं आम्हा दोघांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. आईला तो कधीचा माहीत होता आणि अण्णांनी तिच्याकडून शपथ घेतली होती. मास्तरला दिसत नाही हे गावाला कळलं की शिकवणं बंद, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याखाली दुसरं एक म्हणणं होतं, ते आईनं मला हळूच सांगितलं. डोळ्यात सुई घालतात म्हणून ते घाबरत होते. बिथरलेल्या गाडीत रोज नव्या माणसाशेजारी बसणारे अण्णा डोळ्यात थेंब टाकायचे म्हटलं तरी उशीत तोंड खुपसायचे. पण पाथरी रोडवरून आल्यावर त्यांनी हट्ट केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकायला दोघी बायका आल्या. अण्णांनी त्यांना अंगणातूनच सांगितलं, "मला दिसत न्हाई. दिसायला लागलं की या." मी आतून ऐकत होते. त्यांना हे वाक्य म्हणायला किती जड गेलं असेल ते त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. बायका गेल्यावर ते आईला म्हणाले, "मेंढरं व्हती म्हणून निभलं. शाळंची लेकरं असती तर." आई म्हणाली, "मी मागं असते की." ते म्हणाले, "तेच तर. तू किती बघणार?"

दवाखान्यात गेलो तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई निघाल्या अण्णांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी आमच्याच गाडीवर शिकून, रडून, लायसन काढलं होतं. अण्णा टेबलावर आडवे झाले आणि मान इकडून तिकडं फिरवायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, समोर बघा. घाबरायचं न्हाई. मी हाय ना." बाहेर येऊन आईला त्यांनी सांगितलं की मास्तरांचंच हे वाक्य मास्तरांना ऐकवायला त्या किती वर्षं थांबल्या होत्या.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर अण्णा घरी आले ते डोळा विस्फारूनच. आधी आई दिसली. तिच्याकडं इतका वेळ बघत राहिले की ती लाजली. मग म्हणाले, "तू लय पिकलीस की गं." आई म्हणाली, "आरसाबी दाखवू का?" मग त्यांना छताची जळमटं दिसली, भिंतीवरचा तेलाचा डाग दिसला, कोठीमागं सरकवलेली रद्दी दिसली. दुपारपर्यंत आईला वाटायला लागलं, एकाच डोळ्यावर भागवावं. आणि मग ते अंगणात गेले.

"ही कुणाची गाडी?"

ते पत्र्याखाली जाऊन उभे राहिले, मग उन्हात आले, मग पुन्हा पत्र्याखाली गेले. गफारभाईंना फोन झाला. गफारभाई हातातला ब्रश घेऊनच आले. "मास्तर, आप बोले सो कलर मारा. दो बार पूछा मैं." अण्णा म्हणाले, "मी राखाडी म्हणलो व्हतो." गफारभाईंनी त्यांच्या डोळ्यावरचा काळा चष्मा बघितला, आईकडं बघितलं आणि सगळं समजून ब्रशचे केस मोजत बसले. मग अण्णांनी विचारलं, "गावात कुणी काय म्हणलं न्हाई?" आई म्हणाली, "म्हणले की. मास्तर ह्या वयात रंगात आले म्हणले." आधी गफारभाई हसले. मग मी. अण्णा हसले नाहीत. ते गाडीभोवती फिरत एका दारापाशी थांबले. "हे दार कुणी बसवलं? बोटभर खाली हाय." त्यांनीच पाना आणला, मी दार उचलून धरलं, आणि या वेळी त्यांनी फट डोळ्यानं बघितली. चारही दारं पुन्हा बसवली. उरलेल्या स्क्रूंपैकी निम्म्यांच्या जागाही सापडल्या.

रंग पुन्हा द्यायचा की नाही हे दुसऱ्या डोळ्यानंतर ठरवू, असं म्हणून राहिलं. तोपर्यंत लोक पत्ता सांगताना वांगी गाडीवाले मास्तर म्हणायला लागले होते आणि त्या गाडीवर शिकायला पोरी दुरून, पूर्णेहूनसुद्धा यायला लागल्या. माझ्याही वाट्याला तीच गाडी आली. पुढं मी पुष्कळ गाड्या चालवल्या, पण अजून कुठल्याही गाडीत डावीकडं बसले की माझा पाय आपोआप खाली काहीतरी शोधतो. घरच्यांना त्याचं हसू येतं. मी त्यांना हसू देते.

दुसरा डोळाही उघडला त्यानंतर एका सकाळी अण्णा म्हणाले, "सुमे, गाडी काढ. पाथरी रोड घे." मला वाटलं, धडा. रस्ताभर ते दगडांवरचे आकडे, भिंतींवरच्या जाहिराती, एसटीच्या मागचं सगळं मोठ्यानं वाचत होते. मी गिअर चुकवला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. आम्ही त्या जागेच्या पुढं गेलो, मग परत आलो, मग एका कच्च्या रस्त्यानं आत शिरलो. दोन-तीन ठिकाणी त्यांनी खाली उतरून विचारलं. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी हात करून शेत दाखवलं.

कळप शेतात बसवलेला होता. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, तसा. बाजूला पालं, चुलीचा धूर, वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडलेली कोकरं. वांगी रंगाची गाडी लांबूनच ओळखू आली असावी, कारण आम्ही पोचायच्या आत तो मुंडासंवाला काठी घेऊन उभा राहिला होता.

अण्णा उतरून त्याच्याजवळ गेले. "भांडायला न्हाई आलो," ते म्हणाले. "त्या दिवशी चूक माझी व्हती."

तो म्हणाला, "मेलं न्हाई ना एकबी. सोडा मग."

अण्णांनी मान हलवली, पण ते परत फिरले नाहीत. वाघरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. ऊन कोवळं होतं. मेंढरं एकमेकांना टेकून रवंथ करत होती. अण्णा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू बघत गेले, मग पुन्हा उलटे आले.

"ह्यात काळीबी हायत की," ते म्हणाले.

"हायत की, पयल्यापासूनच."

"आन् ते कानाशी तांबडं?"

"हाय."

तो माणूस जरा घुटमळला. काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यानं विचारलं, "घ्यायचंय का एखादं?"

"न्हाई. बघायलो नुसतं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गाडीला टेकून उभी होते. मग तो दोन पावलं बाजूला सरकला, अण्णांच्या आणि कळपाच्या मधून.

"बघा की मग," तो म्हणाला, आणि चुलीवर चहा ठेवायला पालाकडं गेला.